शोध ठेव्याचा, सांभाळ जिवाचा



‘जिओकॅशिंग’ हा शब्द ग्रामीण भागाला अद्याप नवखा आहे. एखादी डबी डोंगरात, पुलाखाली वा झाडाच्या ढोलीत लपवावयाची आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करावयाचे. इतरांनी मोबाईलच्या साहाय्याने ती हुडकून आतील वहीत नाव लिहावयाचे व डबी पुन्हा जागच्या जागी ठेवावयाची, असा हा खेळ. उपग्रहीय स्थाननिश्चितीत हेतुतः ठेवलेली अस्पष्टता अमेरिकेने २ मे २००० रोजी दूर केली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात असा पहिला ठेवा लपविला गेला. गुप्तधनाच्या कथा ऐकत वाढलेल्या समाजाला याचे आकर्षण वाटल्यास नवल नाही. मात्र येथे हाती लागते ते फार तर एखादे खेळणे!

खेळ निरुपद्रवी असला तरी जागा तशा नसतात. जून २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकातील प्राग शहरात काही खेळाडू ओढ्याच्या बंदिस्त भुयारात उतरले होते. वर वादळी पाऊस कोसळला, भुयारात एकाएकी लोंढा शिरला आणि त्यात जीवितहानी झाली. भुयारात असलेल्या माणसाला आभाळ दिसत नाही, हे त्या दुर्घटनेचे मर्म होय.

आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते कोणताही खेळ खेळत नव्हते, वर्षासहलीस आले होते. परंतु पाण्याची रीत तीच. पाऊस वरच्या अंगाला पडतो आणि लोंढा खाली उभ्या असलेल्यांना गाठतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा येणे, वरून घरघर ऐकू येणे, यांपैकी एक खूण दिसली तरी त्याच क्षणी काठ सोडून उंचावर जावे. वाहते पाणी घोट्याच्या वर चढले की धडधाकट माणसाचाही तोल जाऊ शकतो.

मोबाईल डबीची जागा काही मीटरांच्या अंतराने दाखवितो, वाट दाखवीत नाही. मधला कडा, शेवाळलेला कातळ किंवा पडकी विहीर त्याला ठाऊक नसते. दृष्टी पडद्यावर खिळलेली असताना पाऊल टाकणे हा या खेळातील सर्वांत साधा आणि सर्वांत मोठा धोका. प्रत्येक ठेव्यासोबत भूभागाच्या अवघडपणाची १ ते ५ अशी श्रेणी दिलेली असते. पाचव्या श्रेणीच्या जागी दोर व अन्य साधने आणि ती वापरण्याचे शिक्षण आवश्यक असते. विद्यार्थ्यांना तेथे नेऊ नये. पहिल्या श्रेणीची जागाही शिक्षकांनी आधी स्वतः पाहून यावी. एकट्याने जाऊ नये, आणि परतण्याची वेळ घरी सांगितल्यावाचून तर मुळीच जाऊ नये.

डबी लपविणाऱ्याने जागेच्या मालकाची अनुमती घेणे अगत्याचे आहे. संरक्षित गडकोटांवर वा वनक्षेत्रात परस्पर काहीही ठेवता कामा नये. बेवारस डबी पाहून गावात घबराट उडते, ती वेगळीच.

ओढ्याला पाणी केव्हा चढते, कोणती कड ढासळते, हे गुराख्याला ठाऊक असते. ती माहिती पंचायतीने वाटेच्या तोंडाशी फलकावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावी. पाहुणे सांजवेळेपर्यंत परतले नाहीत तर पोलीस पाटलांना कळवावे व ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. डोंगरात मोबाईलच्या रेडिओलहरी पोचत नसतील तर निरोप्या धाडावा. अंधारात दोरावाचून गावकऱ्यांनी दरीत उतरू नये. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेसारखी प्रशिक्षित पथके राज्यात आहेत. आपल्याला जवळचे पथक कोणते, याची नोंद पावसाळ्यापूर्वीच ग्रामपंचायत कार्यालयात लावून ठेवावी.