दोन मित्रांचा खलपुरुष



आज मी तुम्हाला एका छंदाविषयी चार शब्द सांगणार आहे. छंद म्हटला की कोणाला भजनाचा असतो, कोणाला कुस्तीचा, कोणाला बैल सजविण्याचा. हा छंद जरा निराळा आहे. हा आहे खलपुरुष घडविण्याचा छंद. गोष्टीत किंवा नाटकात जो दुष्ट असतो, तो खलपुरुष.

तुम्ही म्हणाल, "अहो, जगात दुष्ट माणसं काय कमी आहेत? ती आणखी घडवायची कशाला?"

बरोबर आहे. पण नायक कितीही चांगला असो, समोर तोलामोलाचा दुष्ट नसला तर गोष्ट रंगत नाही. जोड नसली तर कुस्ती कसली? असा दुष्ट आपल्या डोक्यातून काढायचा. त्याचे नाव, त्याची जन्मकथा, त्याची ताकद, त्याचा शेवट, सारे आपणच रचायचे. यात मजा आहे, आणि शहाणपणही आहे. अमेरिकेतील दोन मुलांनी हे कसे केले, ते ऐका.

अमेरिकेत क्लीव्हलँड नावाचे शहर आहे. तेथे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन मुले एकाच शाळेत शिकत होती. दोघांचाही जन्म १९१४ सालचा. दोघांचे आईबाप युरोपातून पोटामागे आलेले. जेरी गोष्टी लिही. जो चित्रे काढी. जोच्या घरी चांगल्या कागदाला पैसे नसत. मग तो सामान गुंडाळायच्या कागदावर चित्रे काढी.

ते दिवस फार वाईट होते. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले. धडधाकट माणसे फुकट पाव मिळावा म्हणून रांगेत उभी राहू लागली. १९३२ साली जेरीच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले. त्या प्रसंगातच हृदय बंद पडून वडील वारले.

पुढच्याच वर्षी, १९३३ च्या जानेवारीत, जेरीने एक गोष्ट छापली. कोठे? तर स्वतःच्याच मासिकात! दोघे मित्र मिळून हौसेने एक मासिक काढीत. त्याचे पाचच अंक निघाले. त्यातल्या एका अंकात ही गोष्ट आली. चित्रे जोची.

गोष्ट अशी. एक शास्त्रज्ञ असतो. तो पावाच्या रांगेतला एक भुकेला माणूस हेरतो. "तुला पोटभर जेवण देतो, नवे कपडे देतो. माझ्याबरोबर चल," असे म्हणून त्याला घरी नेतो आणि गुपचूप एक औषध पाजतो. औषधाने त्या माणसाला विलक्षण शक्ती येते. दुसऱ्याच्या मनातले त्याला कळते. पुढे घडणारे आधी दिसते. पण शक्ती आली, विचार नाही आला. त्याला जगाचे राज्य हवेसे वाटते. तो त्या शास्त्रज्ञालाच ठार करतो. आणि मग काय होते? औषधाचा अंमल उतरू लागतो. औषध करणारा तर मेला! त्याला मारले कोणी? यानेच. शेवटी तो पुन्हा त्याच पावाच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

ही गोष्ट ऐकून तुम्हाला कोण आठवले? मला तर भस्मासुर आठवला. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होवो, असा वर त्याने मागितला. शेवटी त्याचाच हात त्याच्या डोक्यावर आला. देश निराळा, काळ निराळा, पण गाठ एकच. खऱ्या खलपुरुषाचा नाश बाहेरून येत नाही. तो त्याच्या ताकदीतच लपलेला असतो.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या दुष्टाला जेरीने नाव दिले होते सुपरमॅन. म्हणजे माणसांहून वरचढ माणूस. होय, तोच सुपरमॅन! निळा पोशाख, लाल झूल, आकाशात उडणारा. आज तुमची नातवंडे त्याला ओळखतात. तो आधी खलपुरुष होता, बरं का!

पुढे दोघा मित्रांनी विचार केला. अशी अचाट शक्ती चांगल्या माणसाच्या हाती दिली तर? नाव तेच ठेवले, मन बदलले. दुष्टाचा नायक झाला. गरिबाच्या मदतीला धावणारा नायक. शक्ती स्वतः चांगली नसते, वाईटही नसते. ती ज्याच्या हाती जाते, तसा तिचा रंग होतो. ही गोष्ट त्या मुलांना खलपुरुष घडविताना समजली.

मग नव्या नायकाला जोड हवी झाली. १९४० साली लूथर नावाचा खलपुरुष गोष्टीत आला. नायक एवढा बलवान, की मोटार डोक्यावर उचलतो. मग लूथरला काय द्यायचे? त्याला अंगबळ दिलेच नाही. त्याला दिली बुद्धी. बळापुढे बुद्धी उभी केली, म्हणून तो सामना आजवर चालू आहे.

पण मंडळी, या कथेला एक कडू बाजूही आहे. सुपरमॅनची गोष्ट घेऊन ते दोघे वर्षानुवर्षे छापणाऱ्यांचे उंबरठे झिजवीत होते. सगळे नाही म्हणत. अखेर १९३८ साली एका कंपनीने ती घेतली. तेरा पानांचे १३० डॉलर दिले. सोबत एक कागद पुढे केला. दोघांनी सही केली. सुपरमॅनवरचे सारे हक्क कायमचे कंपनीचे झाले!

दोघेही शिकलेले होते. एक तर लेखकच. पण गरज होती, हौस होती. सही करून गेले. पुढे कंपनीला रग्गड पैसा मिळाला. हे दोघे कोर्टात भांडले, पण सुपरमॅन परत मिळाला नाही. म्हातारपणी जोला धड दिसेना. १९७५ साली बराच बोभाटा झाला, तेव्हा कुठे दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर सुरू झाले आणि गोष्टीवर पुन्हा त्यांची नावे छापली जाऊ लागली. आणि २०१२ साली काय झाले? ज्या चेकने ते १३० डॉलर दिले होते, तो जुना चेक लिलावात निघाला. त्या कागदाच्या कपट्याला एक लाख साठ हजार डॉलर आले. हे पाहायला दोघेही उरले नव्हते.

म्हणून सांगतो, अक्षर वाचता आले म्हणजे कागद कळला असे नाही. सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचावा. न कळला तर जाणत्याकडून समजून घ्यावा. तोवर सही करू नये.

आता आपण काय करायचे? रात्री जेवणे झाली की मुलांना जवळ घ्या. एक वही घ्या. सगळे मिळून एक खलपुरुष घडवा. त्याला चार प्रश्न विचारा. तू कोण होतास? तुझे मन कशाने कडू झाले? तुझी ताकद कोणती? ती कशाने संपेल?

मी एक रचला आहे, सांगू? त्याचे नाव तहानासुर. तो आधी साधा धनगर होता. दुष्काळात मेंढरे घेऊन एका गावी आला. विहिरीवरून त्याला हाकलून दिले. मेंढरे तडफडून मेली. त्याने डोंगरावर बसून हट्ट धरला, जगातले सारे पाणी माझ्याकडे येवो. तसेच झाले. त्याने हात केला की विहीर आटते. पण एक मेख आहे. आपल्या घोटातला घोट कोणी त्याला आपणहून दिला, तर त्याची शक्ती तेथेच संपते.

आता तहानासुराला हरविणारा नायक कोण? तो तुम्ही शोधा. कदाचित तुमची धाकटी मुलगीच तो शोधील.

एक मात्र पाळा. शेजाऱ्यावर राग आहे म्हणून त्याचे नाव, त्याची जात राक्षसाला चिकटवू नका. राक्षस रचायचा तो माणूस ओळखण्यासाठी, माणसाला राक्षस ठरविण्यासाठी नव्हे.

गोष्ट पुरी झाली की वहीत लिहा. खाली आपले नाव घाला. तारीख घाला. आपल्या डोक्यातून निघालेली वस्तू आपली असते. तिची किंमत आधी आपल्याला कळली पाहिजे.

बरं, उद्या संध्याकाळी पुन्हा जमू. येताना वही आणा.