भाकरीवरचे अपूर्णांक



सातवीपर्यंत शिकलेली बाई गणितावर काय बोलणार, असे तुम्हांस वाटेल. पण चौथी-पाचवीतली मुले अपूर्णांकाशी अडतात आणि 'मला गणित येतच नाही' असे ठरवून बसतात. मुली तर अधिकच. म्हणून हा विषय घेतला.

मुलाला विचारा, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? पुष्कळ मुले अष्टमांश म्हणतात, कारण चारापेक्षा आठ मोठे. हा मुलाचा मंदपणा नव्हे. मोठा आकडा म्हणजे जास्त, असेच तोवर ते शिकलेले असते. त्याच्यापुढे बाजरीची भाकरी ठेवा. चौघांत वाटली तर केवढा तुकडा, आठांत वाटली तर केवढा? भुकेल्या मुलाला हे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. मग पाटी घ्या. छेद म्हणजे कापणे, सारखे तुकडे किती केले ते. अंश म्हणजे वाटा, त्यांतले किती घेतले ते. 'सारखे' या शब्दावर जोर द्यावा. नाहीतर धाकटा 'मोठा अर्धा मला' म्हणून भांडतोच!

दुसरी अडचण बेरजेची. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हटले की मुले अंशात अंश व छेदात छेद मिळवून दोन पंचमांश लिहितात. तेथे लगेच नियम सांगू नये. एवढेच विचारावे, "बाळ, अर्धी भाकरी ताटात होतीच, वर आणखी वाढली, मग अर्धीहून कमी कशी झाली?" मूल थबकते. मग भाकरीचे सहा सारखे भाग करावेत. अर्धीचे तीन, तृतीयांशाचे दोन, मिळून पाच षष्ठांश.

पूर्वीच्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ असे. साताची दीडपट साडेदहा, हे ती चटकन सांगत. रुपयाचे सोळा आणे होते, चार आणे म्हणजे पाव रुपया. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हळूहळू ते पाढेही मागे पडले. सगळे परत आणा असे मी म्हणत नाही; नुसती घोकंपट्टी मलाही आवडत नाही. पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तर आपल्या तोंडी रोज आहेत. आठवडी बाजारात पिशवी धरून उभ्या असलेल्या मुलीला विचारा, अडीचशे ग्रॅम मिरचीला पाव किलो का म्हणतात? पाऊण किलो वांग्यांचे पैसे तिलाच काढू द्या. वेळ लागेल, भाजीवाला खोळंबेल, खोळंबू द्या.

येत्या मंगळवारी मुलांना मंडळात घेऊन या. कागदाच्या भाकरी मी कापून ठेवते. कात्र्या तेवढ्या घरून आणा.