टोकाची बांधी



वैनगंगेच्या काठच्या या भंडाऱ्यात परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. रोवण्याचे दिवस आहेत, पाऊस आहे, तरी सभागृह भरलं आहे, याचा फार आनंद होतो.

आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांवर आणि बोड्यांवर इथली धानशेती उभी राहिली. पाटात गाळ साचला की तलावाजवळची धानाची बांधी वाळत नाही, टोकाची वाळते, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. गावातून पाहणाऱ्याला मात्र सगळं शिवार हिरवंच दिसतं. आजचा आपला विषय नेमका हाच आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार डोळ्याच्या पडद्यावर जे करतो, ते टोकाच्या बांधीवर करतो.

प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकणाऱ्या तांबड्या पेशी पडद्याच्या कडेच्या, सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. कडेचा पडदा सुकतो. मधला भाग, ज्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, तो बराच काळ शाबूत राहतो. सुकलेला भाग रक्तासाठी हाक घालतो आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवर नव्या रक्तवाहिन्या फुटतात. समुद्रातल्या पंख्यासारख्या प्रवाळाचा आकार असतो त्यांना, म्हणून पुस्तकात ‘सी फॅन’ हे नाव. या नव्या वाहिन्यांच्या भिंती कच्च्या. त्या फुटल्या की डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरतं, आणि पुढे ओढ बसून पडदाच सुटू शकतो. गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या आजाराचे पाच टप्पे मांडले. त्यांतल्या पहिल्या तीन टप्प्यांत रुग्णाला बहुधा काहीही जाणवत नाही. तक्त्यावर तो सहा-सहा वाचतो.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण समजलं फार उशिरा. काही वर्षांपूर्वी मोहाडी तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे आला. कोसा विणायचा. डोकं दुखतं, नंबर लागला का पाहा, म्हणाला. दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचली. मी बाहुली मोठी करून आत पाहिलं नाही. डोळे उत्तम आहेत, असं सांगून परत पाठवलं. दीड वर्षाने तो आला तेव्हा उजव्या डोळ्यापुढे आधी कोळ्याची जाळी आणि मग काळा पडदा आला होता. त्याची शस्त्रक्रिया झाली, पण ती नजर परतली नाही. डाव्या डोळ्याच्या कडेला तसाच सी फॅन होता. त्याला वेळेवर लेसर मिळाला आणि तो डोळा आजही धागा पाहतो. सिकलसेलचं कार्ड पहिल्या भेटीत त्याच्या खिशातच होतं. मी विचारलं नाही. त्याने दाखवलं नाही, कारण बहिणीचं लग्न ठरायचं होतं. मित्रहो, आपल्याकडे कार्ड असं लपवलं जातं. म्हणून विचारणं आपलं काम आहे, आणि तेही दार लोटून, हळू आवाजात.

नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली ती १९५८ साली. म्हणजे आपल्या भागाला हा आजार ठाऊक होऊन सहा दशकांहून जास्त काळ लोटला. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन बोटातून रक्त घेतलं, कार्डं दिली. या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे. त्याला डोळ्याची एक ओळ जोडायची राहिली आहे, ती आपण जोडू या. वयाच्या दहाव्या वर्षापासून प्रत्येक सिकलसेल ग्रस्ताचा पडदा बाहुली मोठी करून तपासायचा, आणि निर्दोष असला तरी एक-दोन वर्षांनी पुन्हा पाहायचा.

निदानाबद्दल दोन गोष्टी बोलतो, बाकीचं वक्ते सांगतील. तरुण पुरुष डोळ्यात रक्त उतरून आला की आपल्या मनात पहिलं नाव येतं ईल्सचं. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये वर्णन केलेला हा आजार भारतात अधिक दिसतो, आणि क्षयरोगाशी त्याचं नातं आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांना अशा डोळ्यांत क्षयजंतूंची जनुकीय खूण सापडली. पण ईल्समध्ये रक्तवाहिनीची भिंत सुजते, शिरेभोवती पांढरं वेष्टन दिसतं आणि तिथे स्टेरॉइड उपयोगी पडतं. सिकलसेलमध्ये सूज हा मूळ दोष नाही. ईल्स समजून पोटातून स्टेरॉइड सुरू केलं तर सिकलसेल ग्रस्ताला क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका, येऊ शकतो. म्हणून भंडाऱ्यात क्षयासाठीच्या मान्टू आणि छातीच्या एक्स-रेबरोबर सिकलसेलसाठीची सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस झालंच पाहिजे.

दुसरी गोष्ट सिकलसेलच्या वाहकांची. विटीदांडू खेळताना मुलाच्या डोळ्याला मार लागतो, पुढच्या कप्प्यात रक्त साचतं, दाब चढतो आणि आपला हात सवयीने अॅसिटाझोलामाइडकडे जातो. मूल नुसतं वाहक असलं तरी या गोळीने पेशी अधिक वाकतात आणि बेताच्या दाबानेही दृष्टीची नस मरू शकते. तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत या जिल्ह्यातल्या अशा प्रत्येक मुलाला सिकलसेल आहे असंच धरून चाला, ही माझी हात जोडून विनंती आहे.

उपचारात मात्र घाई नको. पुष्कळ सी फॅन आपोआप सुकतात. कोणाला लेसर द्यायचा, कोणाकडे नुसतं लक्ष ठेवायचं, बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन केव्हा, व्हिट्रेक्टॉमी केव्हा, यावर जाणत्यांतही मतभेद आहेत आणि ते आज इथे मोकळेपणाने मांडले जावेत. परदेशी ग्रंथांतले पुष्कळसे अनुभव सिकलसेलच्या एससी प्रकाराचे आहेत. आपल्याकडे तो क्वचित, आपले रुग्ण मुख्यतः एसएस. त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनही बऱ्याचदा जास्त राहतं. त्यांचा डोळा कसा वागतो, हे आपणच लिहून ठेवायला हवं.

दुपारच्या जेवणानंतर शेजारच्या दालनात इनडायरेक्ट ऑप्थाल्मोस्कोप आणि वीस डायॉप्टरची भिंगं मांडली आहेत. चार सिकलसेल ग्रस्त बंधुभगिनी आपले डोळे तपासू द्यायला आनंदाने तयार झाले आहेत. तालुक्यांतून आलेल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी आधी पाहावं, प्राध्यापकांनी नंतर. चौघांतल्या एक ताई आज रोवणा सोडून आल्या आहेत. बाहुली मोठी केली की काही तास पाटी वाचता येत नाही, तेव्हा त्यांना गावच्या एसटीत बसवून देण्याची जबाबदारी स्वागत समितीने घेतली आहे.