मोकळीक काढून घेतली, तर तिची किंमत द्या

(मोडनिंब येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या प्रश्नाचा येथे विचार व्हावयाचा आहे तो वरवर पाहता लहान आहे. एखादे काम सवडीने करावयाचे, म्हणून माणूस ते थोड्या मोबदल्यावर पत्करतो. पुढे त्याच कामाला वेळेचे बंधन येते, हजेरी येते, रोजचा अहवाल येतो. मोबदला मात्र जागचा हलत नाही. अशा वेळी वाढ मागणे हा लोभ, की हक्क?

या प्रश्नाचे उत्तर ॲडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथात सापडते. समाजवाद्यांनी स्मिथची साक्ष काढावी हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण मालकपक्षाला त्याच्याच घरचा साक्षीदार नाकारता येत नाही, एवढा त्यात फायदा आहे. काम सुखाचे की कष्टाचे, नियमित की अनियमित, यावर मजुरी कमीजास्त होते, असे त्याने मांडले. याचा अर्थ सरळ आहे. मोबदला केवळ रोख रकमेचा नसतो. आपला वेळ आपल्या हाती असणे हाही मोबदल्याचाच एक भाग असतो आणि त्यापोटी माणूस कमी रोकड स्वीकारतो. ती मोकळीक काढून घेणे म्हणजे वेतनकपात होय. ती पगारपत्रकात दिसत नाही, इतकेच.

महाराष्ट्रात याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे आशा स्वयंसेविका. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक स्त्री या कामासाठी निवडावयाची ठरली. तिने गरोदर स्त्रियांना दवाखान्यापर्यंत न्यावे, मुलांच्या लसीकरणाची आठवण द्यावी. हे सारे आठवड्यातील काही तास, आपल्या रोजगाराला बाधा न आणता करावयाचे होते. म्हणून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. त्या वेळी हा सौदा अगदीच अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. मोडनिंबच्या आसपासच्या एखाद्या बाईला बोरीच्या किंवा डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाऊन, किंवा घरची शेती सांभाळून, हे काम करता येण्याजोगे होते.

पुढे कामे वाढत गेली. नोंदवह्या आल्या, सर्वेक्षणे आली, बैठका आल्या, मोबाईलवर माहिती भरणे आले. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर फिरण्याचा भार मुख्यतः आशांवरच पडला. आता हिशेब करून पाहावा. समजा, बागेतली मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे आणि वाढलेल्या कामामुळे महिन्यातील १० दिवसांची मजुरी बुडते. म्हणजे ३,००० रुपये गेले. शासनाने मानधन १,००० रुपयांनी वाढवले, तर जाहिरातीत ती वाढ ठरते. त्या बाईच्या घरात ती २,००० रुपयांची तूट असते. दोन्ही आकडे खरेच. मात्र वर्तमानपत्रात पहिलाच छापून येतो.

राज्य शासनाने २०२० साली आशांच्या मानधनात २,००० रुपयांची वाढ केली. जून २०२१ मध्ये सुमारे ७०,००० आशा संपावर गेल्या, तेव्हा १,००० रुपये व कोरोना भत्त्याचे ५०० रुपये पदरात पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. ७,००० रुपयांच्या वाढीचे आश्वासन मिळाले, संप मागे घेतला गेला, आणि शासन निर्णय काही निघेना. जानेवारी २०२४ मध्ये या स्त्रियांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने निर्णय केला तो ५,००० रुपयांचा. मधले २,००० रुपये कोठे गेले हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे: ते तोंडी शब्द आणि लेखी आदेश यांच्यामधल्या दरीत गेले.

वाढ मागणाऱ्या या स्त्रियांना सेवाभावाचे धडे दिले जातात. सेवाभावाने काम करणारा माणूस आपला वेळ आपणहून देतो. ज्याची हजेरी घेतली जाते आणि ज्याला जाब विचारला जातो, त्याला स्वयंसेवक म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. कौतुक झाले ते योग्यच झाले, परंतु गौरवपत्रावर किराणा मिळत नाही.

कायद्याला हे तत्त्व अपरिचित नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार, कामाचे तास वगैरे शर्ती कामगाराच्या अहिताने बदलावयाच्या तर मालकाला २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही अशी तरतूद आहे. पण आशा पडली 'स्वयंसेविका', म्हणून हे संरक्षण तिच्या दारापर्यंत पोचत नाही. २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

सगळी शिस्त वाईट, असे मात्र कोणी समजू नये. क्षयरोग्याच्या औषधाची नोंद वेळेवर झालीच पाहिजे. शिवाय सर्वच स्त्रियांची गरज एक नसते. जिला घरची जमीन आहे तिला कदाचित मोकळीकच परत हवी असेल. भूमिहीन मजूर स्त्रीला ठरलेले तास आणि ठरलेला पगार अधिक सोयीचा वाटेल. मागणीपत्र लिहिण्यापूर्वी हे त्यांनाच विचारावे. आपल्या चळवळीत पुष्कळदा मागणी आधी छापली जाते आणि विचारपूस मागाहून होते.

मागणी करताना नोंदीचा आधार हवा. कोणते नवे काम कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने आले, त्यात किती तास गेले, एसटीचे व मोबाईलचे किती पैसे पदरचे गेले, किती दिवसांची मजुरी बुडाली, हे प्रत्येकीने साध्या वहीत लिहावे. आदेश तोंडी असेल तर तो लेखी मागावा. तीन महिन्यांच्या अशा पंचवीस-तीस वह्या तालुक्यातून गोळा झाल्या, तर त्यांची बेरीज निवेदनाला जोडता येईल. आणि त्या निवेदनाच्या पहिल्या ओळीत 'वाढ' या शब्दाआधी 'भरपाई' हा शब्द यावा.