ब्रह्मकमळ : नावाने कमळ, कुळाने निवडुंग, स्वभावाने रानातले झाड
(कुणकेश्वर येथे बागायतदार व महिला शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक. भात, नाचणी, कुळीथ यांवर बोलायचे सोडून हा माणूस कुंडीतल्या फुलझाडावर काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. पण आजचा विषय मी एका जुन्या चुकीपोटी निवडला आहे. ती चूक माझीच आहे.

पदवीच्या वर्गात शिकत असताना मी इथेच, कुणकेश्वरात, एका नात्यातल्या काकूंकडे आलो होतो. त्यांच्या पडवीत ब्रह्मकमळाची मोठी कुंडी होती. काकू म्हणाल्या, "रे झिला, तू शेतकी कॉलेजात शिकतंस मां? मगे ह्या झाडाक काय करूचा ता सांग." मी नुकतेच पुस्तकात वाचले होते की, हे झाड निवडुंगाच्या कुळातले आहे. लगेच सल्ला दिला : निवडुंग आहे, उन्हात ठेवा, पाणी तोडा. काकूंनी कुंडी खळ्यात भर उन्हात नेली. मे महिना होता. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून त्यांवर भाजल्यासारखे चट्टे पडले. उरलेसुरले झाड जूनमध्ये पागोळीखाली सापडले आणि बुडातून कुजले. काकू मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, त्यामुळे ती गोष्ट जास्तच लक्षात राहिली.

माझे वाचन खोटे नव्हते, अर्धे होते. ब्रह्मकमळ म्हणून आपण लावतो त्याचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. ते खरोखरच निवडुंगाच्या कुळातले आहे. मात्र सगळे निवडुंग वाळवंटात राहत नाहीत. याचे मूळ घर दक्षिण मेक्सिको व ग्वाटेमालाकडील दमट जंगलात आहे. तेथे ते जमिनीवर क्वचितच, बहुधा मोठ्या झाडांच्या बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यात वाढते. वरून पानांची सावली, भोवती दमट हवा, पाऊस भरपूर. पण मुळाशी पाणी क्षणभरही थांबत नाही. एवढे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की बाकीची निगा आपोआप समजते.

झाडावर राहते म्हटल्यावर आंबा बागायतदार बांडगुळाच्या आठवणीने दचकतात. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळे घुसवून रस शोषते, म्हणून ते फांदीसह कापावे लागते. ब्रह्मकमळ फक्त बसायला जागा मागते, आपल्या रानातल्या सीतेच्या वेणीसारखे. खळ्यातल्या फणसाच्या बेचक्यात ते बांधता येते. चाफ्यावर मात्र नको, कारण उन्हे तापू लागतात तेव्हा तो निष्पर्ण असतो. हापूसच्या कलमावरही बांधू नये. तेथे मोहोराच्या फवारण्या चालतात.

नावाचा घोळही येथेच मिटवू. खरे ब्रह्मकमळ हिमालयात, साधारण चार हजार मीटर उंचीवर उगवते. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. कुणकेश्वरच्या हवेत ते एक उन्हाळाही काढणार नाही. तेव्हा येथे येणाऱ्या पर्यटकांना रोपे विकणाऱ्यांनी "हिमालयातले" म्हणून विकू नये आणि घेणाऱ्यांनी त्या नावापायी जादा पैसे मोजू नयेत. फांदीचा एक तुकडा शेजाऱ्याकडे फुकट मिळतो. आणखी एक नातेवाईक आपल्या ओळखीचे आहे. सांगली-सोलापूरकडे लावतात ते ड्रॅगन फ्रूट. त्यालाही गुजरात सरकारने २०२१ मध्ये "कमलम" नाव दिले. कमळाशी दोघांचाही संबंध नाही.

आता कुंडी. आपली तांबडी जांभ्याची माती एकटी वापरू नये. ती कुंडीत दबते आणि मुळे गुदमरतात. पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत एक भाग, नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे एक भाग आणि विटांचे किंवा चिऱ्याचे वाटाण्याएवढे खडे एक भाग घ्यावेत. सोडणे गोड्या पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून मगच वापरावीत, कारण त्यांत क्षार असतात. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून अनेकजण मिसळतात. ती खारी असते, मुळीच मिसळू नये. तयार कुंडीत एक तांब्या पाणी ओतून पाहावे. ते लगेच खालच्या भोकातून येऊ लागले पाहिजे. वरच थबकले तर मिश्रण पुन्हा करावे.

कुंडी फार मोठी घेऊ नये. आठ-दहा इंची मातीची पुरते. मुळे जरा दाटीत असली तर फुले चांगली येतात. सकाळचे नऊ-दहापर्यंतचे कोवळे ऊन आणि नंतर उजेडाची सावली, अशी पूर्वेची पडवी उत्तम. पश्चिमेला समुद्र असल्याने तिकडून खारे वारे येतात. जूननंतर ते जोराचे होतात आणि कळ्या गाळतात.

उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. बोट दोन पेर आत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. ते सतत घातल्यास मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. अशा वेळी दूरच्या गोड्या विहिरीचे पाणी आणावे.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणूनच कोकणात हे झाड तहानेने क्वचित, कुजून जास्त मरते. पावसाळ्यात कुंडी पागोळीपासून हातभर आत, दोन विटांवर ठेवावी. झड आत येत असेल तर झाप बांधावा. बूड काळे व मऊ पडले तर औषधाच्या मागे न लागता वरचा निरोगी भाग कापून नव्याने लावावा. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावा. त्याला मुंग्या इकडून तिकडे नेतात, म्हणून त्यांचा माग आधी काढावा.

युरिया देऊ नये. नत्र जास्त झाले की झाड नुसते माजते आणि फुले रुसतात. डिसेंबर-जानेवारीत खत बंद ठेवावे, पाणीही थोडे हात राखून घालावे. पावसाळ्यात पानांच्या खाचांतून कळ्या निघतात. ज्याला आपण पान म्हणतो ते खरे तर चपटे झालेले खोड आहे, म्हणून तर त्यातून फूल निघते. कळी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात. या काळात कुंडी हलवू नये की फिरवू नये, कळ्या गळतात. पाहुण्यांना दाखवायची म्हणून कुंडी ऐनवेळी ओटीवर नेण्याचा मोह आवरावा, पाहुण्यांना पडवीत न्यावे. लोंबणारी कळी वर वळून फुगली की त्या रात्री फूल उमलणार. आठ-नऊला सुरुवात होते, मध्यरात्री पूर्ण उमलते आणि उजाडता मान टाकते.

नवीन रोपासाठी पक्व पानाचा वीतभर तुकडा कापावा. खालच्या टोकाला खूण करून ठेवावी, कारण उलटा लावलेला तुकडा नीट वाढत नाही. तुकडा सावलीत पाच-सहा दिवस सुकू द्यावा, म्हणजे जखम भरते. मग दोन इंच खोल लावून काठीचा आधार द्यावा. महिन्याभरात मुळे धरतात, फुलाला मात्र दोन-तीन वर्षे थांबावे लागते. यंदा मी असाच एक तुकडा काकूंसाठी आणला आहे. खालच्या टोकाला तांबडा दोरा बांधला आहे.