भीती घर करून बसते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चुलीपुढे बोलायची सवय. सभेत उभे राहून बोलायची नाही. मागच्या वर्षी चिटणीसबाईंनी मला उन्हाळी वाळवणावर चार शब्द बोलायला लावले होते. यंदा मात्र मी आपण होऊन विषय मागून घेतला. तो ऐकून आपणांपैकी काहीजणी मनात म्हणतील, ‘हिने ही गोष्ट झाकून ठेवायची होती.’ ती मी पुष्कळ वर्षे झाकली. त्याने माझे नुकसान झाले, म्हणूनच आज बोलते.

माझे माहेर तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले. १९९३ साली मी सातवी पास होऊन आठवीत बसले होते. गणपती पोचवून सगळे गाव दमून झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही नावे आपण सर्वांनी ऐकली आहेत. आमच्याकडची घरे मैंदर्गीतल्या जुन्या घरांसारखीच. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गार राहावे म्हणून वर्षानुवर्षे वर माती टाकलेली. तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली असे सांगतात. बावन्न गावे तर नव्या जागी वसवावी लागली.

माझा धाकटा भाऊ त्या रात्री बाहेर ओट्यावर झोपतो म्हणून हट्ट करीत होता. गारठा आहे म्हणून मी त्याला हाताला धरून आत आणले. मला सकाळी बाहेर काढले. तो गेला.

शाळा तिथेच सुटली. पाच वर्षांनी लग्न होऊन मी या गावात आले, तो सासरचे घरही माळवदाचे! मी रात्री अंगणात झोपू लागले. थंडी असो, पाऊस असो, पडवीच्या आत पाऊल घालवत नसे. डोळा लागला की भावाची हाक ऐकू यायची आणि अंग घामाने भिजायचे. मांडणीवरचे भांडे वाजले की काळीज धडधडे. गणपतीची मिरवणूक निघाली की मी डोके दुखते म्हणून दार लावून घेई. सासूबाई मायाळू होत्या. त्यांना वाटले, बाहेरचे काही आहे. अंगारा झाला, उतारा झाला, दोरा झाला. एका देवरुष्याने मिरच्यांची धुरी दिली. त्याने खोकला तेवढा आला, भीती होती तिथेच राहिली.

२०२२ च्या दिवाळीत माझी लेक बाळंतपणाला आली होती. बाळ दोन महिन्यांचे. घरापुढच्या रस्त्यावर रोलर फिरू लागला, भिंत थरथरली, डबे वाजले. मला काही सुधरले नाही. पाळण्यातले बाळ उचलून मी अनवाणी रस्त्यावर धावले आणि पडले. देवाच्या दयेने बाळाच्या कपाळाला थोडे खरचटले, एवढ्यावर निभावले. लेक मला एक शब्दही बोलली नाही. परंतु त्या दिवसापासून तिने बाळाला माझ्यापाशी एकटे ठेवले नाही. भगिनींनो, ते मला भूकंपापेक्षा जड गेले. त्या रात्री मी आमच्या ह्यांना म्हटले, “मला डॉक्टरकडे न्या.”

सोलापूरच्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि या दुखण्याला नाव आहे म्हणून सांगितले: पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, मराठीत आघातोत्तर ताणविकार. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांत अशीच लक्षणे दिसली, तेव्हा त्याला शेलशॉक म्हणत. आजचे नाव १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी ठरवले. परंतु हे दुखणे केवळ शिपायांचे नव्हे. अपघात, जळणे, पूर, घरातली मारहाण, बाईवरचा अत्याचार, अवघड बाळंतपण, यांतल्या कशानेही ते होऊ शकते.

ते ओळखावे कसे? घडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे किंवा स्वप्नात येते. तिची आठवण देणारी जागा, माणूस, आवाज माणूस टाळतो. मन उदास राहते, स्वतःला दोष देते. आणि अंग सदा सावध राहते. झोप नाही, दचकणे, चिडणे. संकटानंतर थोडे दिवस असे सर्वांनाच होते आणि बहुतेकांचे आपोआप निवळते. महिना उलटूनही निवळले नाही आणि घरकाम, झोप, माणसे यांत अडथळा येऊ लागला, तर दाखवायला हवे.

आता उपचारांचे सांगते. सासूबाई म्हणायच्या तसे, रोग सांगून औषध न सांगणे म्हणजे पाट मांडून जेवायला न वाढणे.

पहिला उपचार बोलण्याचा. हे बोलणे म्हणजे ओट्यावरच्या गप्पा नव्हेत. शिकलेल्या बाई आठवड्यातून एकदा तास-दीड तास बसवतात आणि असे साधारण आठ ते पंधरा आठवडे चालते. आधी श्वास संथ करायला शिकवतात. मग ती घटना डोळे मिटून, आत्ता घडते आहे अशी सांगायची. एकदा नव्हे, अनेकदा. पहिल्या वेळी मी थरथर कापले. आठव्या वेळी रडले, पण कापले नाही. मन शिकते की ही आठवण आहे, भूकंप नव्हे. जोडीला जे टाळतो त्याच्याजवळ पायरीपायरीने जायचे. मी भर दुपारी दार उघडे ठेवून दहा मिनिटे माळवदाखाली बसले. मग अर्धा तास, मग दार लोटून. मग संध्याकाळी, मग एक रात्र.

याच उपचारात मनातल्या दोषाची तपासणी होते. मी म्हटले, “भावाला मीच मारले.” बाई म्हणाल्या, “थंडीत भावाला आत घेणाऱ्या तेरा वर्षांच्या तुमच्या लेकीला तुम्ही असे म्हणाल का?” मला उत्तर देता येईना. एकोणतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

दुसरा उपचार डोळ्यांच्या हालचालींचा. त्याला ईएमडीआर म्हणतात. फ्रान्सिन शापिरो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९८७ साली तो शोधला. आठवण मनात धरून समोरच्यांच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. ऐकायला गंमत वाटते, परंतु तपासून पाहिलेला उपचार आहे. मी तो घेतला नाही. तो शिकलेली माणसे सगळीकडे मिळत नाहीत.

तिसरा उपचार औषधांचा. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या जातीच्या गोळ्या देतात. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत “काही फरक नाही” म्हणून टाकून देऊ नयेत. बरे वाटले तरी आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती झोपेच्या गोळ्यांची. त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नका. त्यांनी हा विकार बरा होत नाही. दारूने होत नाही हे तर आपण घरोघरी पाहतोच. योगासने, प्राणायाम, भजन यांनी मनाला विसावा मिळतो. ते जरूर करावे. पण उपचाराच्या जोडीला, उपचाराऐवजी नव्हे.

लहान मुलांना बोलता येत नाही. त्यांना चित्रांतून, खेळांतून बोलते करतात. संकटानंतर मूल अंथरूण ओले करू लागले किंवा पुन्हा पदराला चिकटू लागले, तर त्याला मारू नका.

आणि आपण शेजारणींनी काय करावे? संकटाच्या पहिल्या दिवसांत पाणी, जेवण, निवारा द्यावा आणि चुकलेल्या माणसांशी गाठ घालून द्यावी. जवळ बसावे. ती बोलली तर ऐकावे; न बोलली तर “सांग ना, काय झाले?” म्हणून खोदू नये. बळेच बोलते केल्याने फायदा होत नाही, असे तज्ज्ञांनी पाहिले आहे. “झाले गेले विसर” हेही म्हणू नये. विसरता आले असते तर ती विसरलीच असती. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा.

सोलापूरला लगेच जाणे जमले नाही, तर १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. टेलिमानस त्याचे नाव. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो सुरू झाला. पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. मराठीत बोला, नाहीतर कानडीत बोला. आपल्या गावात दोन्ही भाषा घरच्या, म्हणून मुद्दाम सांगते.

आता एक कबुली. उपचारासाठी मी बारा गुरुवार एस.टी.ने सोलापूरला गेले. तुम्ही विचारले की म्हणत असे, “अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला चालले.” अगदीच खोटे नको म्हणून येताना खरोखरच उतरून दर्शन घेई. पण मनाच्या डॉक्टरकडे जाते, हे सांगायची लाज वाटली. लेकीच्या सासरी कळले तर काय म्हणतील, ही धास्ती. पुढे लेकीलाच सगळे सांगितले, भावाचेसुद्धा. तिला तो मामा ठाऊकच नव्हता. ती रडली आणि उठून बाळ माझ्या मांडीवर आणून ठेवले.

मी पूर्ण बरी झाले असे म्हणणार नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री अजून झोप उशिरा लागते. पण ती घरात लागते, माळवदाखाली. गेल्या वर्षी मी मिरवणुकीत आरतीचे ताट धरून उभी होते, हे आपण पाहिलेच असेल.

हाडाचा डॉक्टर दाखवायला आपण लाजत नाही. मग मनाचा दाखवायला का लाजावे? इथे बसलेल्या एखादीच्या मनात असे काही दाटून असेल, तर तिने माझ्या घरी यावे. पुढच्या गुरुवारी मी तिच्याबरोबर एस.टी.त बसेन, आणि कोणी विचारले तर कुठे चाललो ते खरे सांगेन.