कचऱ्याचा प्रकार ठरतो, तेव्हा कुणाचे हात ठरतात?

(नुकतीच पदवी घेतलेल्या आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांसमोर पुण्यातल्या एका अभ्यासिकेत केलेलं भाषण)



आजचा विषय घनकचऱ्याचे नियम. तुमच्यातले बरेच जण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. पर्यावरणाच्या प्रकरणात हा विषय येतो आणि 2016 च्या नियमांतले प्रकार आपण पाठ केले : विघटनशील, अविघटनशील, घरगुती घातक. ओला, सुका, घातक. पाठांतर झालं की पान उलटतं. मला आज त्याच पानावर थोडं थांबायचं आहे. माझं म्हणणं एकच आहे. कचऱ्याचा प्रकार ठरवणं म्हणजे तो कुणाच्या हातात जाणार हे ठरवणं.

2016 सालापासून सुरुवात करू. त्या वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 28 मार्चला जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम काढले. म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याचे. त्यानंतर अकरा दिवसांनी, 8 एप्रिलला, त्याच मंत्रालयाने घनकचरा व्यवस्थापन नियम काढले. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातल्या, दुकानातल्या, रस्त्यावरच्या कचऱ्याचे.

आता हे दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचा. दवाखान्यात रक्ताने भिजलेला कापूस निघाला तर तो पिवळ्या पिशवीत जातो. त्याची वाहतूक वेगळी, विल्हेवाट वेगळी. तो हाताळणाऱ्या माणसाला कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस द्यायची, असं नियमात लिहिलेलं आहे. घरातून रक्ताने भिजलेलं सॅनिटरी पॅड निघालं तर? 2016 चे घनकचऱ्याचे नियम सांगत होते : नीट गुंडाळा आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका. डायपरचंही तसंच.

सुक्या कचऱ्याच्या डब्यात. आपण ही ओळ वाचून पुढे जातो, कारण आपल्यासाठी डबा म्हणजे शेवट. कचरावेचक बाईसाठी डबा म्हणजे सुरुवात. ओला कचरा पुष्कळदा तसाच पुढे ओतला जातो. सुका कचरा मात्र हाताने उघडावा लागतो, कारण तिची कमाई त्याच्यात आहे.

संशोधनासाठी मी गेली काही वर्षं वर्गीकरणाच्या शेडवर जाऊन बसते. तिथे 'सुका' असा एक प्रकार नसतोच. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. पत्रा, काच, चप्पल वेगळी. प्लास्टिकचा तुकडा बोटांत चुरगाळून, त्याच्या आवाजावरून तो कुठल्या पोत्यात जाणार हे बाई ठरवते. म्हणून पुष्कळ जणी वर्गीकरण करताना हातमोजे काढून ठेवतात. जाड मोज्यातून ते कळत नाही. त्याच उघड्या बोटांना मग वर्तमानपत्राची पुडी लागते. आत रद्दी आहे की पॅड, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

रक्त तेच आहे आणि जंतूही तेच. मग एका ठिकाणी पिवळी पिशवी आणि लस, दुसऱ्या ठिकाणी वर्तमानपत्राचा कागद, असं का होतं? 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांत संरक्षक साधनांची यादी होती : गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं, मास्क. त्या यादीत लस नव्हती. आणि ही साधनं द्यायची होती ती सुविधा चालवणाऱ्याने, स्थानिक संस्थेने त्यावर लक्ष ठेवायचं होतं. जी बाई कुणाचीच नोकर नाही, ती या वाक्यात नेमकी कुठे बसत होती ते शोधावं लागत होतं.

आता तिसरा कायदा घ्या. 2013 चा, हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा. त्यातली व्याख्या नीट वाचा. ती जागेवरून चालते : अस्वच्छ शौचालय, त्याचा मैला पडतो ती उघडी गटारं आणि खड्डे, रेल्वेचे रूळ, आणि सरकार अधिसूचनेने ठरवेल अशा इतर जागा. डायपरमध्ये काय असतं हे सांगायला नको. पण ते शौचालयातून नव्हे, कचऱ्याच्या डब्यातून येतं. त्यामुळे ते हाताने उघडणारी बाई या व्याख्येच्या बाहेर राहते. मैला तोच, हातही बहुतेकदा त्याच समाजांतले. फक्त डब्याचं नाव बदललं.

हे हात कुणाचे, हे पुण्यात तरी वेगळं सांगायची गरज नाही. इथल्या कचरावेचकांत बहुसंख्य बायका आहेत, आणि त्या बहुतेक मातंग आणि बौद्ध समाजांतल्या आहेत. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून गाव सोडून आलेल्या कुटुंबांतल्या कितीतरी जणी या कामात आल्या. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडलं होतं. समाजशास्त्राच्या वर्गात आपण ते शिकतो. माझं म्हणणं एवढंच की ती वाटणी आजच्या राजपत्रात शोधायची तर तिथे जातीचं नाव सापडणार नाही. तिथे डब्यांची नावं सापडतील.

कुणी म्हणेल, नियम दिल्लीत होतात, आपण काय करणार? इथेच स्थानिक संस्थेची गोष्ट येते. 2016 च्या नियमांनी प्रत्येक महापालिकेला, नगरपालिकेला वर्षभरात स्वतःचे उपविधी करायला सांगितलं. डबे किती, गाडी केव्हा, शुल्क किती, दंड कुणाला, हे पुष्कळसं त्या उपविधीत ठरतं. आणि तिथे फरक पडतो.

बंगळुरूचं उदाहरण घ्या. 2015 साली तिथल्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 'दोन डबे, एक पिशवी' ही पद्धत शहरभर लागू झाली. हिरव्या डब्यात ओला कचरा, पिशवीत सुका, आणि लाल डब्यात पॅड, डायपर यांसारखा टाकाऊ कचरा. म्हणजे केंद्राचे 2016 चे नियम यायच्या आधीच एका शहराने ही रेघ वेगळ्या जागी ओढली होती. त्याने सगळं सुटलं असं नाही. लाल डबाही शेवटी कुणीतरी उचलतंच. पण पुठ्ठ्याच्या पोत्यात पॅड सापडू नये, एवढं तरी त्या रेघेने मान्य केलं.

पुण्यात ही रेघ ओढण्याचं काम बायकांनी स्वतः केलं. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक हे कामगार आहेत, हे तिने महापालिकेकडून ओळखपत्राच्या रूपात वदवून घेतलं. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि 2008 साली महापालिकेशी घरोघरच्या संकलनाचा करार झाला. या बायकांनी नागरिकांना सांगितलं, पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही. 2013 साली त्यांनी वापरलेल्या पॅडची पोती उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांकडे परत पाठवली. तीन वर्षांनी केंद्राच्या नियमांत पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांवर जबाबदारी टाकणारं कलम आलं : पुनर्चक्रण होईल असा माल वापरता येतो का ते पाहा, नाहीतर प्रत्येक नगामागे टाकण्यासाठी पाकीट द्या. दुकानातून आणलेल्या पुड्यात ते पाकीट येतं का, हे आज घरी गेल्यावर बघा.

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर आहोत. आपल्यापैकी काहींच्या घरी सकाळी ढकलगाडी बाहेर पडते. काहींना ते वर्गात सांगावंसं वाटत नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण आपल्याला एक गोष्ट मिळाली आहे, जी आपल्या आयांना, आत्यांना मिळाली नाही. सरकारी मराठीतला मसुदा आपल्याला वाचता येतो. 'प्राधिकृत', 'प्रचालक', 'उपभोक्ता शुल्क' या शब्दांना आपण दबत नाही.

उपविधीचा मसुदा निघतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. वर्तमानपत्रात कोपऱ्यात छोटी जाहिरात येते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या हरकती जातात, कंपन्यांच्या जातात. आपल्या वस्तीतून किती जातात?

तुमच्या शहराचे उपविधी मिळवा. संकेतस्थळावर नसतील तर माहिती अधिकारात मागा. वाचताना तीन प्रश्न विचारा. हा प्रकार कुणाच्या हाताने उघडला जाणार आहे? त्यातला विकला जाणारा माल कुणाचा, वेचणाऱ्या बाईचा की कंत्राटदाराचा? आणि ते हाताळणाऱ्याला ओळखपत्र, मोजे, लस यांपैकी काय मिळणार आहे, आणि कुणी द्यायचं? उत्तर सापडलं नाही, तर तीच तुमची हरकत. ती एका पानावर लिहा, तारीख घाला, क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

लिहिण्याआधी मात्र एक करा. एखाद्या सकाळी शेडवर जाऊन बसा. तिथल्या मावशींना विचारा, तुमच्या हिशेबाने कचऱ्याचे किती प्रकार आहेत आणि कुठला प्रकार हातात यायलाच नको. त्या सांगतील. त्यांचं वर्गीकरण नियमांपेक्षा बारीक आहे. ते त्यांच्याच शब्दांत उपविधीपर्यंत पोचवणं, हे आपल्या पदवीचं काम आहे.

जय भीम. जय जोती, जय सावित्री.